दाराशी समुद्र असताना

"गोव्यात राहता, दाराशी समुद्र, आणि पैसे मोडून परत समुद्रच बघायला लक्षद्वीपला गेलात?" हा प्रश्न मला देवळात, लग्नात, फोंड्याच्या बाजारात भेंडी निवडताना, सगळीकडे विचारून झालाय. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथल्या किनाऱ्यावरचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले आणि प्रश्नाला शेपूट फुटलं: "बरं, आम्हाला जायचं तर कसं ठरवायचं?" शेजारच्या वहिनी तर परवा वही-पेन घेऊनच आल्या. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी एक दुरुस्ती. आम्ही राहतो म्हार्दोळला. आमच्या दाराशी समुद्र नाही, देवळाची तळी आहे. समुद्र बघायचा तर आम्हालाही बस पकडावी लागते. पण पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना हे पटत नाही. त्यांच्या हिशेबी गोव्यातल्या प्रत्येक घराच्या परसात लाटा येतात.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर कंकणद्वीप काढलं ते किती वेळा, त्याला गणती नाही: मध्ये बुडालेला ज्वालामुखी, भोवती प्रवाळाचं कडं, आत उथळ पाण्याचं खाजण, कड्यावर वाळूची चिमटीभर जमीन. ज्वालामुखी हळूहळू खचत जातो आणि प्रवाळ उजेडाच्या ओढीने वर वाढत राहतं, ही उपपत्ती डार्विनने १८४२ मध्ये मांडली. मुलं आकृती पाठ करायची, मार्क मिळवायची. एकदा एका पोराने विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलंय?" नव्हतं पाहिलं, आणि लक्षद्वीप म्हणजे अशीच कंकणद्वीपं. पहिल्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर एवढंच आहे.

आणि ते गोव्यात बघायला का मिळत नाही, तर मांडवी आणि जुवारी. पावसाळ्यात या नद्या सह्याद्रीची लाल माती पोटात घेऊन येतात आणि समुद्र चहासारखा होतो. प्रवाळाच्या किड्याला अन्न पुरवतं त्याच्याच अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ, आणि त्या शेवाळाला ऊन लागतं. गढूळ पाण्यात ते गुदमरतं. वास्कोसमोरच्या ग्रांदी बेटाजवळ प्रवाळ आहे थोडं, तग धरून आहे म्हणायचं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर समुद्रात आंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं मोठं प्रवाळपठार आहे, पण तिथे पाय टेकायला जमीनच नाही. लक्षद्वीपला नदी नाही, डोंगर नाही, वाहून येईल अशी माती नाही. म्हणून पाणी असं की होडीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसते.

आता वहिनींच्या वहीकडे.

पहिलं पान पंचांगाचं. मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत विसरा. समुद्र खवळलेला असतो. चवथ (गणेशचतुर्थी) झाली, पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून हंगाम. पण आपल्याकडे तेव्हाच दिवाळी, मग गावोगावच्या जत्रा, मग शिगमो. आमच्या घरी तर कार्तिकापासून माघापर्यंत कुठल्या ना कुठल्या देवाच्या कामाला माणूस द्यावाच लागतो. यातून आठवडा काढणं हे परमिट काढण्याहून अवघड. आम्ही दोन्ही वेळा जानेवारी-फेब्रुवारीत गेलो. एप्रिलमध्ये पाणी सगळ्यात शांत असतं म्हणतात, पण ऊन सोसवणार असेल तरच.

दुसरं पान परमिटचं. भारताचाच भाग असला तरी तिथे उठून जाता येत नाही, प्रवेशाचा परवाना लागतो. १९६७ चे नियम आहेत त्याचे. आम्हाला ओळखपत्र, फोटो आणि पोलीस ठाण्याचा दाखला द्यावा लागला. दाखला मिळाला, पण गाडी अडली ती सासूबाईंच्या आडनावापाशी. त्यांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. जन्मदाखल्यावर आडनाव त्या काळच्या धाटणीचं, 'के'च्या जागी 'सी'. आधारवर दोन्हींची खिचडी. तिकीट काढताना ह्यांनी आपल्या मनाने तिसरंच स्पेलिंग घातलं. तीन कागद, तीन सासूबाई. महिनाभर त्या प्रत्येक फोनला "मी कोण म्हणून येऊ ते आधी ठरवा" असं उत्तर देत होत्या. गोव्यातल्या साठीपुढच्या माणसाला नेणार असाल तर आधी नावाचे सगळे कागद टेबलावर मांडा, मगच तिकिटाला हात लावा. परमिट, हॉटेल, तिकीट, सगळीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग. बाकीची धावपळ याच्यापुढे काही नाही.

तिसरं पान, जायचं कसं. पहिल्यांदा, २०१८ मध्ये, आम्ही मडगावहून रात्रीच्या गाडीने एर्नाकुलम गाठलं आणि कोचीहून जहाजाने गेलो. 'समुद्रम' नावाची सहल असते: पाच दिवस, कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटं. रात्री जहाज चालतं, दिवसा बेटावर उतरायचं. पहिल्या रात्री आमच्या केबिनमधली निम्मी माणसं आडवी होती. उलटीची गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, जहाज सुटायच्या आधी घ्या. सासूबाईंनी गोळी नाकारली, आल्याचा तुकडा चघळला आणि सगळ्यांत खणखणीत राहिल्या. त्याबद्दल आजतागायत ऐकून घेतोय.

दुसऱ्या वेळी विमानाने गेलो. गोव्यातूनच कारभार चालवणाऱ्या फ्लाय९१ या विमान कंपनीने २०२४ मध्ये मोपा विमानतळाहून अगत्ती बेटावर सेवा सुरू केली. छोटं एटीआर विमान, दोन तासांच्या आत पोचतं. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. आणि परतीच्या दिवसाला चिकटून कोणाचं लग्न किंवा मुलाची परीक्षा ठेवू नका. अगत्तीची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटर, बेटाच्या शेपटावर, दोन्ही बाजूंना पाणी. उतरताना जमीन दिसतच नाही. ह्यांनी माझा हात धरला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, विमानात पहिल्यांदाच.

तरी पैसे आणि दिवस असतील तर एकदा तरी जहाजाने जा, असं मी म्हणेन. विमान बेटावर नेऊन सोडतं, बेट किती लांब आहे ते सांगत नाही. कल्पेनीला जहाज बाहेर खोल पाण्यातच उभं राहतं, कारण आत खाजणात त्याला खोली नाही. मग जहाजाच्या कुशीतलं दार उघडतं आणि खाली होडी येते. होडी लाटेबरोबर वर येते, दाराच्या उंबऱ्याला लागते, आणि दुसऱ्या क्षणी पुरुषभर खाली जाते. दोन खलाशी होडीत, दोन दारात. ते तुमचं मनगट पकडतात, हात नव्हे, आणि होडी वर येत असतानाच "हां!" म्हणतात. त्या "हां"वर पाऊल टाकायचं. मी विचार करत उभी राहिले आणि होडी खाली गेली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा सासूबाई मागून म्हणाल्या, "उतर गो, की मी आधी जाऊ?" साडी नेसून जाऊ नका हे त्यावेळी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतेय.

कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या मोडक्या दगडांची रास आहे. १८४७ च्या मोठ्या वादळात समुद्राने ती आणून टाकली. समुद्रसपाटीपासून चारेक मीटरही उंची नसलेल्या जमिनीवर ते वादळ कसं गेलं असेल! आमच्या माडीवर चढलं तरी तिथल्या बेटांहून जास्त उंच होतो आपण.

काचेच्या तळाच्या होडीतून जे दिसलं ते फोटोंसारखं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. मासे होते, रंगांची उधळण होती ती माशांची. प्रवाळ मात्र बरंचसं राखाडी, वर शेवाळ धरलेलं. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्र तापला आणि तिथलं प्रवाळ पांढरं पडून मोठ्या प्रमाणात मेलं. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि उपाशी मरतं. आम्ही गेलो ते २०१६ नंतर दीड-दोन वर्षांनी. माझा भाचा तोंड एवढंसं करून बसला. २०२४ मध्ये पुन्हा तेच झालं. तेव्हा नंदनवन बघायला जाऊ नका. जे तगून आहे ते बघायला जा. मेलेल्या खोडांवर नखाएवढं नवं प्रवाळ उगवलेलंही आम्हाला दिसलं, पण त्यासाठी होडीवाल्याला थांब म्हणावं लागतं.

सामानाचं पान वहिनींनी सगळ्यात मोठं सोडलं होतं, आणि मी तेच लहान केलं. लांब बाह्यांचे सुती कपडे, टोपी, पाण्यात चालायला रबरी बूट (प्रवाळाची जखम लवकर भरत नाही), नेहमीची औषधं पूर्ण मुदतीची, रोख पैसे. वस्ती मुसलमान, चालीरीतींना धरून राहणारी. गावातून हिंडताना अंगभर कपडे हवेत. आणि दारू नाही. बंगारमचं पर्यटन केंद्र सोडलं तर सगळ्या बेटांवर दारूबंदी आहे. हे सांगितलं की गोव्यातला माणूस आजारपणाची बातमी ऐकल्यासारखा गप्प होतो. ह्यांच्या एका मित्राने "औषधापुरती काजूची" न्यावी असं सुचवलं होतं. नेऊ नका.

माझ्या नणंदेने पत्रिकेतल्या मंगळासाठी पोवळं आणायला सांगितलं होतं. तिला समजावता समजावता पुरेवाट झाली. अंगठीतलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, त्याचा लक्षद्वीपशी संबंध नाही. आणि तिथलं प्रवाळ, अगदी किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा, उचलून आणू नये. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. भाच्याने कल्पेनीला एक खिशात टाकलाच होता. परत ठेव म्हटलं तर त्याने बराच वेळ घालवून तो जिथे होता तिथेच, त्याच कुशीवर ठेवला. आणायचंच असेल तर नारळाच्या गुळाची वडी किंवा मासमीन आणा. मासमीन म्हणजे कुपा मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक केलेला. आमच्या सुक्या बांगड्याच्या बरणीशेजारी तो ठेवला तर बांगडाच नरम वाटला.

पाण्याबद्दल मात्र जरा थांबून सांगते. अगत्तीला आम्ही एका घरी उतरलो होतो. सकाळचा चहा किंचित खारट, आंघोळीला साबणाचा फेस येईना. अंगणात विहीर होती. आमच्या म्हार्दोळच्या विहिरीला बारा हात दोर लागतो. तिथे वाकून तांब्या बुडवता येईल इतकं वर पाणी. पाऊस वाळूतून झिरपतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. जास्त उपसलं की खालून खारं वर येतं. हे मी वर्गात शिकवलं होतं. पण विहिरीचं पाणी भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतं हे पुस्तकातून शिकवणं वेगळं. मी दोराला लाल दोऱ्याची गाठ मारून सकाळची खूण केली. दुपारी पाहिलं तर पाणी खुणेवरून उतरलेलं, संध्याकाळी पुन्हा चढलेलं. घरची मुलगी, असेल दहा-अकराची, माझ्याकडे बघत होती. त्यांची बोली जसरी, मल्याळमच्या जवळची. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तिने शाळेतल्या हिंदीत विचारलं, "आपके कुएँ में ऐसा नहीं होता?" नाही म्हटल्यावर तिला माझी दया आली असावी.

कवरत्तीला २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना आहे, दिवसाला लाखभर लिटरचा. नंतर अगत्ती आणि मिनिकॉयलाही झाले. तरी पाहुण्याने दोन बादल्या कमी वापरल्या तर त्या कोणाच्या तरी घरात वाचतात, हे तिथे समोर दिसतं. सगळ्या बेटांची जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत माणसं चौसष्ट हजार. कळंगुटला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काय होतं ते आपण बघतोच. टँकर, कचरा, आणि सहा पदरी वाटावी अशी दुचाक्यांची रांग. परमिटची कटकट आहे म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी हेच सांगते, की गोव्याच्या माणसाने तरी त्या कटकटीला नाक मुरडू नये.

हे सगळं वहिनींनी मनापासून लिहून घेतलं. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "सगळं कळलं. पण तिथे सकाळी आंघोळीला गरम पाणी मिळतं ना?"

मी म्हटलं, आधी पोलिसांचा दाखला काढा.