‘झाला’ आतल्या खाचेत येतो : रेकॉर्ड क्लबमधले सहा महिने

क्लबची वर्गणी भरून सहा महिने झाले. दर महिन्याला तीन अल्बम सुचवले जातात, सभासद मत देतात, जिंकलेली रेकॉर्ड पुढच्या महिन्यात घरी येते. सुरुवातीला मत देताना मी एवढंच बघायचो की अल्बम आपल्याकडे आहे की नाही. आता आधी बघतो, एका बाजूवर किती मिनिटं आहेत आणि शेवटी काय वाजतं. हे कसं झालं ते लिहून ठेवतो.

दुसऱ्या महिन्यात जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ यादीत आला आणि सरळ दोन तट पडले. मी विरोधात होतो. “सगळ्यांच्या घरी असतो हो तो, वर्गणी त्यावर कशाला घालवायची?” आमच्यातले सगळ्यात जुने संग्राहक, आम्ही त्यांना काका म्हणतो, त्यांनी उलट विचारलं, “तुझ्याकडची प्रत कुठली? पहिली बाजू सुरात आहे का तिची?”

मला प्रश्नच कळला नव्हता. १९५९ च्या मार्चमधल्या रेकॉर्डिंगच्या वेळी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. ती टेप योग्य वेगाने वाजवली की तीनही रचना थोड्या चढ्या लागतात, आणि त्याच तीन रचना पहिल्या बाजूवर आहेत. दुसरी बाजू एप्रिलमधली, ती ठीक आहे. तीस वर्षांहून जास्त काळ रेकॉर्ड अशाच निघत राहिल्या. १९९० च्या दशकात दुसऱ्या मशीनवरची राखीव टेप वापरली गेली, तेव्हा कुठे सूर जागेवर आला.

माझी प्रत त्या जुन्या मुख्य टेपवरूनच काढलेली आहे. रात्री स्ट्रोबची चकती ठेवून टर्नटेबलचा वेग तपासला, तिच्यावरच्या रेषा स्थिर दिसल्या, म्हणजे वेग बरोबर. मग फोनवर ट्यूनर लावला. पहिल्या बाजूला पियानोच्या प्रत्येक सुरावर काटा उजवीकडेच झुकलेला. रेकॉर्ड उलटली आणि काटा मधोमध आला. इतकी वर्षं ऐकतोय ही रेकॉर्ड, पण दोन बाजूंचा षड्ज वेगळा आहे हे कानाला कधी जाणवलं नव्हतं. मी मत बदललं. ‘आहे की माझ्याकडे’ या वाक्यावर माझा तेव्हापासून विश्वास उरला नाही.

तिसऱ्या महिन्याची रेकॉर्ड वाकलेली आली, बदलून मिळाली, विषय संपला.

चौथ्या महिन्यात वाद झाला तो एकच लांब अल्बम कसा घ्यायचा यावर. मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांच्या एका तबकडीवर बाजूला २७ मिनिटं कोंबलेला, की ४५ च्या वेगाने दोन तबकड्यांवर पसरलेला? दर तेरा-चौदा मिनिटांनी उठायचं तर ऐकण्यात बुडणार कसं, असं मी म्हणालो होतो. पण बाजू जितकी लांब, तितक्या खाचा एकमेकींजवळ, आणि त्या एकमेकींना भिडू नयेत म्हणून आवाजाची पातळी आणि खर्ज दोन्ही आवरते घ्यावे लागतात. मग तबकडीची मूळ खरखर तेवढी पुढे येते. मिनिटं आणि आवाज यांतलं एक थोडं सोडावंच लागतं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या गेल्या, तेव्हाही हीच अडचण होती. त्यांनी वेग निम्मा केला, १६ २/३, आणि सुमारे दीड तासाचं संगीत बसवलं. त्यात केसरबाई केरकरांची भैरवीही आहे, ‘जात कहाँ हो’. जगभरातून निवडलेल्या त्या २७ तुकड्यांत केसरबाई आहेत हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

पाचव्या महिन्यात मी पहिल्यांदा स्वतः नाव सुचवलं : सरोदवादक अली अकबर खाँ यांची १९५५ ची एलपी (लाँग प्ले तबकडी). तबल्यावर चतुरलाल, एका बाजूला एक राग. ७८ च्या तबकडीवर कलाकाराला जेमतेम साडेतीन मिनिटं मिळायची. एलपीने आपल्या संगीताला श्वास घ्यायला जागा दिली, आणि क्लबमध्ये ही एलपी यायलाच हवी, असं मी तळमळीने मांडलं.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत जमवणाऱ्या एका ताईंनी शांतपणे हरकत घेतली. “रागात झाला, तो तारांच्या झपाट्याचा द्रुत भाग, शेवटी येतो ना? म्हणजे तबकडीच्या सगळ्यात वाईट जागी. आमच्या ‘बोलेरो’चं तेच दुखणं आहे.” फ्रेंच संगीतकार रावेलच्या त्या रचनेत सुरुवात कुजबुजीने आणि शेवट सगळ्या वाद्यवृंदाच्या गर्जनेने. त्यासाठी टॅसेट या कंपनीने आतून बाहेर वाजणारी तबकडी काढली आहे, सुई लेबलाजवळ ठेवायची आणि ती कडेकडे सरकत जाते.

ताईंचं म्हणणं डोक्यातून जाईना. एक फेरा १.८ सेकंदांचा, बाहेर असो की आत. कडेला त्या फेऱ्यात सुईखालून सुमारे ९२ सेंटिमीटर खाच सरकते, अगदी आत साधारण ३८. तेवढाच वेळ निम्म्याहून कमी लांबीत लिहायचा, त्यामुळे बारीक तीव्र नाद आतल्या वळणांत दाटीवाटीने बसतात आणि सुईला ते नीट वाचता येत नाहीत. आलापाला बाहेरची ऐसपैस जागा मिळते, झाल्यातल्या चिकारीच्या, म्हणजे लय धरणाऱ्या बाजूच्या तारांच्या, झपाट्याला आतली अडचण. रचनेचा कळस आणि तबकडीची कमजोरी नेमकी एकाच ठिकाणी गाठ घेतात.

माझ्याकडच्या दोन जुन्या सतारीच्या एलपी काढल्या. टॉर्च तिरकी धरली की खाचा कुठे संपतात ते स्वच्छ दिसतं, तिथपासून लेबलापर्यंतचा पट्टा गुळगुळीत चमकतो. मध्यापासून पट्टीने मोजलं. १९ मिनिटांची बाजू ७.५ सेंटिमीटरवर संपते, २६ मिनिटांची ६.२ वर. दुसरीचा झाला मला नेहमी फाटल्यासारखा वाटायचा आणि दोष मी रेकॉर्डिंगला देत होतो. त्याच संध्याकाळी प्रोट्रॅक्टर (सुईची जागा आणि कोन तपासायची पट्टी) ठेवून कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, तपासलं, तर ते दोन मिलिमीटर मागे बसलेलं निघालं. पुढे सरकवलं, स्क्रू आवळले, सुईचा भार पुन्हा १.८ ग्रॅमवर आणला. आता २६ मिनिटांच्या बाजूवरही चिकारीचे ठोके सुटे ऐकू येतात. १९ मिनिटांच्या बाजूइतके मोकळे नाहीत, पण सुटे नक्की.

हे सगळं मी क्लबपुढे आकड्यांसकट ठेवलं. माझं नाव दोन मतांनी पडलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ताईंनीच पुढे ठराव मांडला की यापुढे सुचवणाऱ्याने प्रत्येक बाजूची मिनिटं आणि शेवटची रचना लिहायची, आणि तो एकमताने झाला. या महिन्याच्या यादीत ते दोन रकाने आले आहेत. तिन्ही नावांवर आधीच जोरात चर्चा चालू आहे, आणि ‘आहे की माझ्याकडे’ असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

पुढच्या वेळी सरोदच पुन्हा सुचवणार आहे. तुमच्याकडे रागांच्या जुन्या एलपी असतील तर झाला मध्यापासून किती सेंटिमीटरवर संपतो ते मोजा, बाजूची मिनिटं आणि सुईचा प्रकार सोबत लिहा. माझी सुई लंबगोल टोकाची आहे. मायक्रोलाइन (जास्त बारीक टोकाच्या) सुईवर त्याच जागी काय ऐकू येतं, ते मला सगळ्यात आधी हवं आहे.