कमी वाजवायचं, नेमकं वाजवायचं : आमची वाटचाल

जळगावच्या नवीपेठेत माझ्या वडिलांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच दुकानाच्या माळ्यावर २०११ साली मी आणि माझ्या मावसभावाने स्टुडिओ उभा केला. आज आम्ही चौघं आहोत. लघुपट, माहितीपट, अधूनमधून एखादा अहिराणी किंवा मराठी चित्रपट, यांना इलेक्ट्रॉनिक पार्श्वसंगीत करून देणं हे आमचं मुख्य काम. जळगावात बसून असलं काम मिळतं का, असं बाहेरगावचे लोक हमखास विचारतात. मिळतं. अमळनेर, चोपडा, धुळे, शहादा इथली मुलं स्वतःच्या गोष्टी स्वतःच्या बोलीत चित्रित करताहेत आणि त्यांना आपल्या भागाचे आवाज ओळखणारं कुणीतरी जवळ हवं असतं.

मी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. केलं. मावसभाऊ लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. पहिली काही वर्षं पोटापाण्याचं काम वेगळंच होतं : सराफांच्या जिंगल, बियाणांच्या जाहिराती, निवडणुकीत प्रचाराची गाणी, आणि मुख्य म्हणजे अहिराणी गाण्यांचं संगीत संयोजन. यूट्यूबवर अहिराणी गाणी धडाक्यात चालू लागली आणि आमच्या साउंड कार्डचे, मॉनिटर स्पीकरचे हप्ते त्याच गाण्यांनी फेडले. ते काम मी आजही मनापासून करते. पण त्यात एक सेकंदही मोकळा सोडायचा नसतो. हळदीला वाजणारं गाणं भरलेलंच पाहिजे. सिनेमाच्या पार्श्वसंगीताचं नेमकं उलटं असतं, हे आम्हांला अमळनेरकडच्या एका तरुण दिग्दर्शकाने शिकवलं. दृश्यामागून दृश्य बघताना तो स्क्रीनवर बोट ठेवून सांगायचा, ‘ताई, आठे (इथे) काहीच नको.’ अशा ‘काहीच नको’च्या जागा त्याने आधी ठरवल्या. मग ज्या उरल्या, तिथे काय हवं याचं बोलणं सुरू झालं. आमची कामाची पद्धत तेव्हापासून तीच आहे.

या पद्धतीचा हिशोबाशी थेट संबंध आला. आमच्या धंद्यात संगीताचा दर मिनिटावर लावतात. इतकी मिनिटं संगीत, इतके रुपये. म्हणजे संगीतकाराने जितकं जास्त वाजवावं तितकी कमाई जास्त, आणि निर्मात्यालाही वाटतं की मिनिटं मोजून घेतली म्हणजे माल पुरेपूर मिळाला. एका जाहिरात संस्थेने तर वीस मिनिटांच्या माहितीपटात संगीत कमी भरलं म्हणून आमचं अर्धं बिल अडकवून ठेवलं. त्या माहितीपटात शेतकरी बायका विहिरीवर बसून बोलत होत्या. त्यांच्या बोलण्याखाली पॅड (सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा लांबलचक, भरीव सूर) पसरलं असतं तर शब्दांची धार गेली असती. बोलण्यातली व्यंजनं कानाला स्पष्ट कळतात ती साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि सिंथेसायझरचा भरगच्च आवाज नेमका तिथेच गर्दी करतो. त्या बिलानंतर आम्ही मिनिटाचा दर बंदच केला. आता दर संपूर्ण फिल्मचा. फिल्म बघणं, जागा ठरवणं, केलेलं वाजवून बघणं आणि नको ते काढून टाकणं, सगळं त्यात धरलेलं असतं. काढून टाकलेल्या संगीतालाही श्रम पडतातच, हे समोरच्याला आधी नीट समजावून सांगावं लागतं. बहुतेकांना ते पटतं.

इलेक्ट्रॉनिक संगीतात संयम जास्त लागतो असं माझं ठाम मत आहे. बासरीवाल्याला श्वास घ्यायला थांबावंच लागतं. सिंथला श्वास लागत नाही. एक की दाबून तिच्यावर वजन ठेवलं तर वीज असेपर्यंत सूर चालू राहील. वर संगणकात शंभर ट्रॅक फुकट मिळतात. त्यामुळे थांबण्याचा निर्णय दर वेळी माणसालाच घ्यावा लागतो.

या कलेच्या पूर्वजांनी तो घेतला होता. १९५६ साली ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या अमेरिकी चित्रपटाला लुई आणि बेबी बॅरन या जोडप्याने स्वतः जोडलेल्या व्हॉल्व्हच्या सर्किटांमधून संपूर्ण इलेक्ट्रॉनिक ध्वनिपट दिला, आणि श्रेयनामावलीत त्याला ‘संगीत’ असं म्हटलंही गेलं नाही. हिचकॉकच्या १९६३ मधल्या ‘द बर्ड्‌स’मध्ये तर रूढ अर्थाचं पार्श्वसंगीतच नाही. ऑस्कर साला यांनी ट्राउटोनियम या विजेच्या वाद्यावर पक्ष्यांचे आवाज घडवले, आणि ज्यांनी एरवी वाद्यवृंद लिहिला असता ते बर्नार्ड हरमन त्या फिल्मवर ध्वनी सल्लागार म्हणून काम करत होते. मोठ्या संगीतकाराने एकही धून न लिहिता फिल्मला एवढं द्यावं, हे मला फार मोठं वाटतं. आमच्याकडे नवीन मुलगा किंवा मुलगी शिकायला आली की ही फिल्म आधी बघायला लावते. आपल्याकडचं म्हणाल तर अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर बसवला होता. आपल्या शेजारच्या राज्यात इतक्या आधी ही विद्या आली होती हे मला बऱ्याच उशिरा समजलं, आणि समजल्यावर फार आनंद झाला.

आमच्या एका कामाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हा धंदा म्हणजे काय ते त्यातून कळेल. कापूस विकून घरी आलेल्या शेतकऱ्याची गोष्ट. घरात ट्यूबलाइट, खाली नवरा-बायको, मधे नोटा. चित्रीकरण खऱ्या घरात झालेलं, त्यामुळे ट्यूबच्या चोकची घरघर संपूर्ण रेकॉर्डिंगमध्ये उतरलेली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचा चोक गुणगुणतो १०० हर्ट्झवर. दिग्दर्शक म्हणाला, ही घरघर साफ करून द्या आणि वर काहीतरी करुण वाजवा. मावसभावाने हेडफोन लावून चार वेळा ऐकलं आणि म्हणाला, ‘ताई, सूर तर आधीच लागलाय.’ लहानपणापासून दुकानात बिघडलेल्या अँप्लिफायरचा हम ऐकत मोठे झालो, म्हणून त्याला ते ऐकू आलं असणार.

पांढरी पाच या सुरपट्टीतला खालचा सूर ९८ हर्ट्झचा आणि चोक १०० चा. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला दोन हेलकावे येतात आणि कानाला खुपतात. म्हणून आम्ही सिंथ ३५ सेंट (सुरातला बारीक फरक मोजायचं माप) चढवून बरोबर १०० वर आणला. एकच साधी साइन लहर, म्हणजे एकाच कंपनाचा शुद्ध सूर, घेतली. तिला वर यायला बारा सेकंद दिले, म्हणजे ती कधी सुरू झाली ते कुणाला कळणारच नाही. घरघर तशीच ठेवली. शेवटी बायको विचारते, ‘मंग पोरीचं काय?’ नवरा उत्तर न देता उठून बटण दाबतो. ट्यूब बंद होते, चोक थांबतो, पण आमचा सूर चार सेकंद तसाच राहतो आणि मग पटकन कापला जातो. आख्ख्या फिल्ममध्ये आम्ही तेवढंच वाजवलं.

एक अडचण मात्र होती. ही फिल्म लोक मोबाइलवर बघणार, आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून १०० हर्ट्झ बाहेरच पडत नाही. मग त्या लहरीला किंचित सॅच्युरेशन (मुद्दाम आणलेली हलकी विकृती) देऊन २०० आणि ३०० हर्ट्झचे स्वरांश जागे केले. ते ऐकू आले की मूळ खालचा सूर कान आपोआप धरतो. हे प्रमाण जमवायला जितका वेळ लागला तितका बाकी सगळ्या कामाला मिळून लागला नसेल.

आवाजाच्या पातळीबद्दलही ग्राहकांशी नेहमी बोलावं लागतं. आपला खान्देश दणक्याचा आहे. वरातीत डीजे, मिरवणुकीत ढोल, कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला रात्रभर गाणी. ते सगळं मला प्रिय आहे. म्हणून इथला प्रेक्षक शांत फिल्म ऐकूच शकत नाही हे म्हणणं मात्र मला अजिबात मान्य नाही. ओट्यावर बसून गोष्ट ऐकणारी माणसंही इथलीच. शिवाय तांत्रिक बाजूनेही ओरडून फायदा होत नाही. फार मोठ्या आवाजात मिक्स केलेलं यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (हे आवाजाचा सरासरी मोठेपणा मोजायचं माप) खाली ओढतं. राहतो तो दाबलेला, चपटा आवाज. संवादापेक्षा संगीत बरंच खाली ठेवलं तर एकदा वर आलेला सूर खरोखर वर आल्यासारखा वाटतो.

सातपुड्यातल्या होळीवरच्या एका माहितीपटाने आम्हांला एक नियम दिला. अक्कलकुव्याच्या डोंगरात रात्रभर ढोल आणि पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजते. पावरीवर आम्ही सिंथ घालत नाही, आणि तिचा तुकडा कापून दुसऱ्या कुठल्या कामात वापरतही नाही. वाजवणाऱ्यांना मानधन आणि श्रेयनामावलीत नाव, हे कामाच्या करारातच लिहिलेलं असतं. त्या माहितीपटात आमचं संगीत फक्त खाली उतरणाऱ्या रस्त्यावर आहे, गाडी परत निघाल्यावर.

उन्हाळ्याबद्दल लिहायलाच हवं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. आमच्याकडे एक जुना अॅनालॉग सिंथ आहे, त्याचे ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारी सर्किटं, तापमानासोबत सरकतात. सकाळी जुळवलेला सूर दुपारी चढलेला किंवा उतरलेला सापडतो. कूलरची घरघर माइकमध्ये येते म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये अॅनालॉगचं काम पहाटे पाचला सुरू करतो आणि नऊच्या आत संपवतो. दुपारी संगणकावर कापाकापी आणि हिशोब.

२०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरणं थांबली आणि उत्पन्नही थांबलं. वडिलांनी दुकानाच्या गल्ल्यातून आम्हांला सांभाळलं. त्याच काळात आम्ही आसपासचे आवाज जमवले : तापीचं पाणी, केळीच्या पानांवरचा पाऊस, भुसावळ यार्डातलं डब्यांचं जोडणं, जिनिंगचे (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचे) पट्टे. या आवाजांचा साठा आज स्टुडिओची मोठी ठेव आहे. कित्येकदा संगीताऐवजी त्यातला एखादा आवाज दिला की दिग्दर्शक खूश होतो आणि आम्हीही.

सध्या धुळ्याच्या एका मुलीची पहिली फिल्म हातात आहे आणि दिवाळीनंतर जिनिंगच्या हंगामावरचा माहितीपट सुरू होईल. आमच्याकडे काम घेऊन येणाऱ्यांना तीनच विनंत्या असतात. एडिट पक्कं झाल्यावरच या, आणि कुठल्यातरी परदेशी फिल्मचं संगीत तात्पुरतं लावून आणू नका, कारण ते एकदा कानात बसलं की दुसरं काही ऐकू येत नाही. जागेवरचा मूळ आवाज मात्र वेगळ्या ट्रॅकवर, एकही घरघर न पुसता, जसाच्या तसा घेऊन या. पहिली बैठक त्यावरच होते.