तुम्ही विचारलंत म्हणून : माझ्या मंगळवारचं काय ते

मंगळवारी सकाळभर मी मौन धरते, ते का, असं तुम्ही विचारलंत. नवस नाही. कुणावर राग नाही. घशाला काही झालेलं नाही. अरणगावच्या मेहेराबादला, आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांच्या समाधीला, जाऊन आले आहे, नगरला राहून कोण गेलं नसेल, पण मी त्या वाटेची नव्हे. मेहेरबाबा १० जुलै १९२५ ला गप्प झाले ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत बोलले नाहीत. मी मंगळवारी उठल्यापासून दुपारचं जेवण होईपर्यंत बोलत नाही, आणि तेवढ्यातही कुकरच्या शिट्ट्या मोजताना ओठ हलतात. तुलना करणाऱ्यांना नमस्कार.

पूर्वी मी छापील उत्तर द्यायचे. मन शांत होतं, जिभेला विश्रांती मिळते वगैरे. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आले तेव्हा तर फारच आवेशानं. त्या बाईला आज विचारावंसं वाटतं, कसली शांती? तोंड मिटलं की डोक्यात जुनी भांडणं सुरू होतात आणि प्रत्येकात आपणच जिंकत असतो. कधीमधी अकराच्या सुमाराला बरं वाटतं. तेवढंच.

मग का धरते? तर ऐका.

वडील गेल्यानंतरच्या एका मंगळवारी धाकटा भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला. वार त्याला ठाऊक होता. तो चुकून निवडला की मुद्दाम, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा दिला तेव्हा माझं लग्न होऊन गेलेलं, म्हणून मी त्यात बसत नव्हते. वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं बसले. हे भावाला माझ्याआधी कळलेलं होतं.

सही करायच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारून आणल्या होत्या. "ताई, इथं आणि इथं. परवा निबंधक कार्यालयात अर्ध्या तासाचं काम." मग बोलायला लागला. आईच्या आजारपणात कोण होतं, विहिरीचं कर्ज, पोरीच्या कॉलेजची फी. सगळं खरं होतं. एरवी मी लगेच सुरू झाले असते, "अरे तसं नाही, मला जमीन नकोच आहे, पण..." आणि त्या 'पण'च्या पुढं मला कधीच जाता आलेलं नाही. शब्दानं शब्द वाढतो म्हणतात, माझा कमीच होत जातो. त्याची समजूत घालता घालता मीच सही करून बसले असते, वर पोहे केले असते. पोहे त्या दिवशीही केले. त्यानं खाल्ले, बशी बाजूला सारली आणि हसून म्हणाला, "मौनं संमतिलक्षणम्, बरं का ताई."

दुधाच्या हिशोबाची वही हाताशी होती. तिच्या मागच्या पानावर लिहिलं, नाही.

"नाही म्हणजे? कारण काय?"

मी त्याच शब्दाखाली रेघ ओढली. कारण लिहायला पानावर जागा होती. लिहिलं नाही.

कागद गोळा करताना तो म्हणाला, "आई असती तर तिनं केली असती सही." ते आजही लागतं, कारण ते खरं आहे. आईनं तिच्या भावांना विचारल्याबरोबर सही दिली होती. ती जन्मभर गप्पच होती. तिच्या गप्प बसण्याला वार नव्हता, इतकंच.

ही पळवाट आहे, असं कुणी म्हणेल. म्हणा. गप्प माणसाच्या वतीनं बोलायला लोक टपलेलेच असतात, हेही मला दिसतं. पवनारला विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ ला वर्षभराचं मौन धरलं, मध्येच आणीबाणी आली, आणि त्यांचे 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द सरकारनं पाठिंबा म्हणून मिरवले. अनुशासन आचार्यांचं, सत्तेचं असतं ते शासन, हा त्यांचा खुलासा मौन सुटल्यावर आला. तोवर सहा महिने उलटले होते. म्हणून मी वही जवळ ठेवते.

मुलगी विचारते, "आई, नाही म्हणायला मंगळवार कशाला लागतो?" तिचं बरोबर आहे. पण बुधवारी तो शब्द माझ्या तोंडून अजून नीट निघत नाही, त्याला मी काय करू?

भावानं त्या दिवसापासून बोलणं टाकलंय. भाऊबीजेलाही येत नाही. वहिनीचा मात्र फोन येतो, मंगळवारीच, तो शेतावर गेला की. "वन्सं, तुम्ही नुसतं ऐका," म्हणते आणि अर्धा अर्धा तास बोलते. त्याच्याबद्दल, सासरबद्दल, कधी माझ्याबद्दलही, आणि ते काही गोड नसतं. मी हुंकारही देत नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं, फोन घ्यायचा असेल तर हे कसलं मौन? वहिनीला हा नियम सांगायचा तर बुधवारी फोन करावा लागेल, आणि बुधवारी ती उचलत नाही.