अँप कुठला घेऊ, असं तुम्ही विचारलंत म्हणून

गेल्या दिवाळीपासून मोजतोय. सोसायटीतले चौघे, ऑफिसातले दोघे, आणि बायकोच्या मावसभावाने तर दोनदा. प्रश्न एकच: "गाडीचे स्पीकर बदलतोय, त्याला अँप कुठला घेऊ?" अँप म्हणजे अँप्लिफायर, स्पीकरला जोर देणारा डबा. मी त्याचं नाव सांगत नाही. उलट विचारतो, बॅटरीपासून फ्यूज किती अंतरावर लावणार? मग समोरचा गप्प होतो आणि माझ्या पाठीमागे म्हणतो, दोन गोष्टी कळतात तर लगेच मास्तरकी करतो. परवा लिफ्टमध्ये एकाने तोंडावरच विचारलं, "काका, नाव सांगायला पैसे पडतात का?"

पडत नाहीत. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. यापुढे कुणी विचारलं तर हेच पाठवीन.  

२०१५ साली मीही असाच नाव विचारत फिरत होतो. जुनी डिझेल हॅचबॅक होती, पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर बसवले होते. डेकवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक प्लेअरवर, छापलं होतं '५० वॅट x ४'. माझ्या मते आवाज फिका होता. आज तो मी समोर आला तर त्याला सांगीन, बाबा रे, गाडीच्या बारा-चौदा व्होल्टवर चालणाऱ्या डेकमधल्या चिपला चार ओहमच्या स्पीकरमध्ये पंचवीसच्या वर स्वच्छ वॅट घालताच येत नाहीत, प्रत्यक्षात अठरा-वीसच मिळतात. ते ५० फक्त खोक्यावर असतात. तो ऐकणार नाही. तो म्हणेल, "म्हणूनच तर अँप घ्यायचाय!" आणि त्याचं चूक नाही, ही खरी अडचण आहे. अँप आधी आतल्या आत व्होल्टेज चढवून घेतो, म्हणून तर तो डेकच्या पुढे जातो.

पण त्याने घेतला काय, तर नाना पेठेतून '१५०० वॅट' लिहिलेला चकचकीत अँप. त्याच्या बुडाला पंचवीस अँपिअरचा एकच फ्यूज होता. पंचवीस गुणिले तेरा व्होल्ट, म्हणजे जेमतेम सव्वातीनशे वॅट आत जाणार. त्यातले निम्मे-अर्धे उष्णतेत जाणार. मग दीड हजार बाहेर येणार कुठून? खोक्यावरचा आकडा विकणाऱ्याचा असतो. अँपची ऐपत बघायची तर बुडाचा फ्यूज बघावा. हे गणित आठवीतल्या पोराला जमतं. मला तेव्हा जमलं नाही, कारण मला जमवायचं नव्हतं. मला तो आकडा हवा होता.

आता पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटाचं सांगतो. हे मी सहसा सांगत नाही.

२०१६ चा मे महिना होता. कराडला लग्न. मागे आई आणि सात वर्षांची मुलगी, शेजारी बायको, तिच्या पायाशी आहेराची पिशवी. अँप बायकोच्या सीटखाली होता. तो मी स्वतः बसवला होता, दोन रविवार घालवून. दुकानदार मजुरीचे दीड हजार सांगत होता, आणि मला वाटलं वायर ओढायला कशाला दीड हजार. बॅटरीपासून निघालेली लाल वायर इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भोक पाडून आत घेतली, उंबऱ्याच्या पट्टीखालून सीटपर्यंत आणली. फ्यूज लावला नव्हता असं नाही. कीटमध्ये होल्डर आला होता, लावला होता. फक्त तो सीटपाशी लावला होता. उडाला तर बॉनेट उघडायला नको, बसल्या जागी बदलता येईल, हा विचार. मला तो फार हुशारीचा वाटला होता, चार जणांना कौतुकाने दाखवलाही होता.

आणि भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे धार झाकणारी कडी, लावला नव्हता. चिकटपट्टीचे तीन वेढे दिले होते.

तेव्हा जाताना घाट चढावा लागायचा, बोगदा येतानाच्या बाजूला होता. पुढे मालाने भरलेले ट्रक, आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये. गाणं मधेच तुटायचं, परत यायचं. मी ब्लूटूथला शिव्या घातल्या. मग वास आला. घाटात क्लच जळल्याचा वास नवा नसतो. मी म्हणालो, "पुढच्या ट्रकचा क्लच गेला वाटतं," आणि काचा वर केल्या. आतलीच हवा फिरत राहावी म्हणून एसीचं बटणही दाबलं. हे मी आजवर कुणाला लिहून सांगितलेलं नाही. जळत होतं आमच्या गाडीत, आणि मी काचा लावून घेतल्या.

बायको म्हणाली, "पायाला गरम लागतंय." मी म्हटलं, इंजिनची उष्णता. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाज वेगळा होता. खाली पाहिलं तर मॅटच्या कडेने धुराची बारीक रेघ वर येत होती, उदबत्तीसारखी सरळ.

गाडी कडेला घेतली, सगळ्यांना उतरवलं. बॉनेट उघडलं. बॅटरीची तार सोडवायला दहा नंबरचा पाना लागतो. तो डिकीत, सामानाखाली, लाडवांच्या डब्याखाली. मी वेड्यासारखा पिशव्या उपसत होतो. तेवढ्यात मागचा कर्नाटक पासिंगचा ट्रक थांबला, ड्रायव्हर स्वतःचा पाना घेऊन आला. मी लाल टोकाकडे हात नेला, त्याने माझं मनगट धरून बाजूला केलं. "पहले मायनस खोल." प्लसला लावलेला पाना गाडीच्या पत्र्याला टेकला असता तर आणखी एक स्फोटक शॉर्ट झाला असता, हे मला पाठ होतं. त्या क्षणी आठवलं नाही.

मायनस सुटला आणि दोन मिनिटांनी धूर बसला. लाल वायरचं वेष्टण वितळून कार्पेटला चिकटलं होतं, वीतभर पट्टा कोळशासारखा. भोकाच्या धारेने चार महिने हिसक्याहिसक्याने चिकटपट्टी कापली, मग प्लास्टिक कापलं, मग आतली तांब्याची तार पत्र्याला टेकली. पत्रा म्हणजे मायनस. बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतू शकते. आणि माझा फ्यूज? सीटपाशी, ठणठणीत. त्याच्यातून करंट गेलाच नाही, तो उडेल कशाला? शॉर्ट त्याच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला झाला होता. फ्यूज अँपसाठी असतो असं मी धरून चाललो होतो. अँपला त्याचा स्वतःचा असतो. बॅटरीपाशी लावायचा तो वायरसाठी.

ड्रायव्हरने अँपची वायर टोकावरून काढून टाकली, मायनस परत आवळला, गाडी सुरू झाली. हात पुसताना त्याने विचारलं, "किसका वायर था?" मी सांगितलं. "गाना सुनने का?" म्हणाला, आणि हसलाही नाही. पैसे घेतले नाहीत.

आई कठड्यावर नातीला मांडीवर घेऊन बसली होती. गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "आधीचा रेडिओ चांगला होता की रे."

त्या लग्नात मी हळदीपासून वरातीपर्यंत कपड्यांना जळक्या प्लास्टिकचा वास घेऊन हिंडलो. वरातीत डीजे होता, त्याच्या जनरेटरच्या वायरी मी किती वेळ बघत उभा होतो, हे बायको अजून सांगते.

तीन वर्षं गाडीत कंपनीचा साधा डेक होता. २०१९ ला गाडी बदलली आणि परत सुरुवात केली. का, ते विचारू नका. खाज म्हणा. पण या वेळी क्रम उलटा धरला. आधी दारं. दाराच्या पत्र्याला आतून ब्युटाइलची डँपिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणारी रबरी शीट, लावली, आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद केली. (दाराच्या तळाशी पाणी निचऱ्याची छिद्रं असतात, ती बुजवू नका. माझ्या एका मित्राचं दार पावसाळ्यात चालताना नारळासारखं डुचमळायचं.) तेवढ्यानेच पखवाजाला अंग आलं, तेही कंपनीच्याच स्पीकरवर. स्पीकरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूची हवा एकमेकींत मिसळली की बेस मरतो. ते थांबवलं, बाकी काही केलं नाही. एका सहकाऱ्याने बेस येत नाही म्हणून सबवूफर, म्हणजे फक्त बेससाठीचा मोठा स्पीकर, घेतला होता. त्याच्या एका दारात प्लस-मायनस उलटे होते, एक कोन पुढे जाताना दुसरा मागे यायचा. दोन तारा बदलल्या, बेस आला. सबवूफर आता डिकीची जागा अडवून बसलाय.

मग स्पीकर घेतले, सेन्सिटिव्हिटी बघून, म्हणजे तेवढ्याच वॅटला कोण किती मोठा वाजतो ते बघून. तीन डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट. नव्वदवाल्याला चाळीस वॅट लागतील तिथे त्र्याण्णववाल्याला वीस पुरतात, आणि वीस तर डेकच देतो. हे मी लोकांना सांगतो तेव्हा त्यांचे चेहरे पडतात, कारण याचा अर्थ असा की कदाचित अँप लागणारच नाही.

तरी मी अँप घेतला. हो, घेतला. आधी साधा, चार चॅनलचा, चार ओहमला पन्नास वॅट आरएमएसचा, म्हणजे सतत देता येणारे खरे पन्नास वॅट. पुढे पगारवाढ झाली तेव्हा बावीस हजारांचा. स्पीकरच्या आरएमएसच्या आसपास अँपचा आरएमएस, थोडा जास्त असला तर चांगलंच, एवढीच ती प्रसिद्ध जुळणी. छोटा अँप ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, जाळतो म्हणतात ते अर्धं खरं. छोटा अँप पिळला की लाटेचे शेंडे सपाट होतात, आणि त्याने ट्वीटर तापतो. गेनची खुंटी, म्हणजे डेकचा सिग्नल अँपला जुळवून घ्यायचा स्क्रू, आवाज वाढवायला नसते. मी स्पीकर सोडवून, डेक पाऊण आवाजावर ठेवून, हजार हर्ट्झचा टोन लावतो आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरतो. पन्नास वॅट गुणिले चार ओहम म्हणजे दोनशे, त्याचं वर्गमूळ सव्वाचौदाच्या जरा खाली. स्क्रू हळूहळू फिरवत काटा चौदाला आला की तिथेच थांबायचं.

आणि आता नाव न सांगण्याचं दुसरं कारण. हे जास्त लाजिरवाणं आहे.

लॉकडाउनमध्ये पार्किंगमध्ये भाच्याला डिकीत बसवलं. दोन्ही अँप मांडले, जुना साधा आणि बावीस हजारांचा, मल्टिमीटरने आवाज सारखा करून. तो जोड बदलायचा, मी पुढे बसून ओळखायचं. एक लावणी, एक भजन, दहा वेळा. टाळांवर कान ठेवून, डोळे मिटून, मोठ्या आत्मविश्वासाने उत्तरं दिली. सहा बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पाच आलीच असती. भाचा म्हणाला, "मामा, साधाच ठेव ना."

ठेवला नाही. बावीस हजारांचाच गाडीत आहे. हायवेला ऐंशीच्या वेगात, काचा खाली असताना फरक पडतो, असं मी स्वतःला सांगतो. ती चाचणी मी घेतलेली नाही, आणि घेणारही नाही. कदाचित माझे कान गेले असतील. कदाचित त्या दिवशी भजनाचं रेकॉर्डिंगच वाईट असेल. २०१५ चा मी यावर हसेल, आणि मग विचारेल, "पण बावीस हजारांचा नेमका कुठला?"

लिफ्टमधल्या भाऊसाहेब, तुमचं बजेट पंधरा हजार म्हणालात. चार दारांना शीट लावा, पुढे जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर घ्या, मागचे आहेत तसेच राहू द्या. महिनाभर ऐका. तरी कमी वाटलं तर अँप, कुठलाही, ज्याचा आरएमएस लिहिलेला असेल आणि बुडाचा फ्यूज त्याला साजेसा असेल तो. वायर तांब्याची. अॅल्युमिनियमला तांब्याचं पाणी दिलेली स्वस्त मिळते, पण अॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६१ टक्केच वीज वाहून नेतं, मग ती जाड घ्यावी लागते. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळा, नाहीतर एक्सलरेटरबरोबर कुंईऽऽ ऐकू येईल. आणि पत्र्यातून वायर जाते तिथे ग्रोमेट.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. माझ्याकडे दोन होल्डर जास्तीचे पडलेत, रविवारी दहानंतर मी खाली पार्किंगमध्येच असतो. येऊन घेऊन जा.