छापा पडला की ‘हो’

आपल्या शाळेत प्रश्न दोन तऱ्हांनी विचारले जात. ‘‘गृहपाठ कोणी केला नाही? उभे राहा!’’ ही एक तऱ्हा, टेबलावर छडी ठेवून. कोण उभा राहील? आमचे गणिताचे सर विचारत, ‘‘कुठल्या उदाहरणाशी अडलं?’’ मग निम्मा वर्ग पहिल्याच उदाहरणाशी अडलेला निघे आणि तास तिथूनच सुरू होई.

एकदा सहामाहीनंतर कॉपीची कुजबुज झाली. सरांनी नावं विचारलीच नाहीत. प्रत्येकाने नाणं उडवायचं, कुणाला दाखवायचं नाही. छापा पडला तर चिठ्ठीवर ‘हो’ लिहायचं, कॉपी केलेली असो वा नसो. काटा पडला तर खरं काय ते लिहायचं. एकाचं नाणं बाकाखाली गडगडलं, तर सर ओरडले, ‘‘वाकू नका रे कोणी, त्याचं त्यालाच बघू दे!’’ अक्षरावरून चिठ्ठी कुणाची ते कळलं, तरी ‘हो’ त्याचा की नाण्याचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येईना.

मुलं ४८, ‘हो’ ३३. सरांनी फळ्यावर मांडलं : निम्म्यांना छापा धरला, तर २४ ‘हो’ नाण्याचे. उरलेले ९, काटा पडलेल्या २४ जणांतले. म्हणजे सगळ्या वर्गात मिळून साधारण १८. एकाचंही नाव फुटलं नाही. पुढे संख्याशास्त्र शिकताना समजलं, की स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली मांडलेल्या पद्धतीचंच हे सोपं रूप.

आता मी बंदरावर मासळीच्या आवकीची नोंद घेतो. ‘‘किती मिळाली?’’ म्हटलं की बोटीवरचा प्रमुख, म्हणजे तांडेल, म्हणणार, ‘‘काय नाय ओ, डिझेलपण सुटला नाय.’’ त्याला खोटारडा म्हणण्यात अर्थ नाही. कधीकधी खरंच सुटत नाही. पण समोरचा अनुदानवाला की दंडवाला, हे जोखून आकडा बदलतो. मी विचारतो, ‘‘पाट्या किती उतरल्या? बर्फ किती उरला?’’ बोलता बोलता आकडा येतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. फॉर्मवर छापील प्रश्न : ‘बंदीकाळात मासेमारी केली काय? होय/नाही’, खाली सही. सगळे ‘नाही’. मी ते इमानेइतबारे भरून पाठवतो. आणि येता येता बर्फाच्या कारखान्यात डोकावून, जुलैचं लाइटबिल किती आलं, तेवढं विचारून घेतो.