आमची वाटचाल: माईक घेऊन वाडीवाडीत

२००४ ला टीव्हीवर होम मिनिस्टर सुरू झालं तेव्हा मी दापोलीत एका इलेक्ट्रिकच्या दुकानात कामाला होतो. आमच्या वाडीत टीव्ही मोजक्याच घरांत, त्यामुळे संध्याकाळी सगळ्या बायका एका पडवीत जमायच्या आणि आज निवेदक आदेश बांदेकर, म्हणजे आदेश भावोजी, कोणाच्या घरी आलेत ते बघायच्या. मला बक्षिसाच्या पैठणीपेक्षा त्या माणसाचं बोलणंच आवडायचं. खेळाच्या आधी तो बाईला विचारायचा, लग्न कसं जमलं, सासूबाईंशी कसं जमतं, आणि ती बोलत राहायची. आमच्या आयांना असं कधी कोणी विचारलेलंच नव्हतं हो.

बायकांचे तसेच खेळ आपल्याकडे घ्यायचे म्हणून २००९ ला सेकंडहँड दोन स्पीकर, एक अॅम्प्लिफायर आणि कॉर्डलेस माईक घेतला. पहिला कार्यक्रम मे महिन्यात, वाडीच्या सत्यनारायणाच्या पूजेला, चाकरमानी सगळे आलेले. मी डायरेक्ट संगीत खुर्ची सुरू केली तर बायका पदर तोंडाला लावून मागेच उभ्या, एक पण पुढे येईना. मग गाणं बंद केलं, खाली बसलो आणि एका आजींना माहेर कुठलं एवढंच विचारलं. आजी हर्णैच्या, मग त्यांनी बंदरावरच्या लिलावापासून सगळं सांगितलं आणि शेवटी उखाण्यात आजोबांचं नाव घेतलं, आजोबा समोरच बसलेले. त्यानंतर खेळाला खुर्च्या कमी पडल्या. तेव्हापासून आमच्याकडे पहिला अर्धा तास फक्त गप्पांचा.

बांदेकरांनी पुढे सोहम प्रॉडक्शन्स काढलं, ठरलं तर मग ही मालिका त्यांचीच. नुसतं निवेदन करून पोट भरत नाही, मागचं काम पण आपल्या हातात पाहिजे हे मी तिथून उचललं आणि हळूहळू लाईट, जनरेटर, मंडप सगळं स्वतःचं केलं. पैठणी माझी बायको येवल्याहून मागवते, सेमी असते आणि बॅनरवर सेमी असंच लिहितो, कारण हातमागाची मंडळाच्या बजेटात बसत नाही आणि बायकांना फसवायचं नाही.

कोरोनात मार्चपासून काम बंदच होतं, त्यात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, गोडाऊनचे पत्रे उडाले, स्पीकरांचे आतले पडदे भिजून गेले. दोन मंडळांची सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली होती, परत द्यायला गेलो तर घेतलीच नाही, राहू दे पुढच्या शिमग्याला बघू म्हणाले. त्याच पैशातून पत्रे घातले.

आता आम्ही सहा जण आहोत. सुपारी घ्यायच्या आधी एकच गोष्ट स्पष्ट सांगतो, हळदीकुंकू असलं तरी विधवा बायका खेळणार, पैठणी जिंकली तर त्यांनाच मिळणार. २०२२ ला कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हापासून मंडळांना हे पटवणं जरा सोपं झालंय. मागच्या रथसप्तमीला एक मंडळ नाहीच म्हणालं, त्यांची तारीख सोडून दिली.