आईला ते झाड इंदुरात हवंय

व्हिडिओ कॉलवर अंगणातलं झाड दाखवलं, तर आई म्हणाली, "अगं, हा तर कडुनिंब!" पानं दिसतात खरी तशीच, एका देठाला दोन्हीकडून दातेरी पानांची रांग. मग फोन जरा वर धरला आणि तिला पांढऱ्या फळांचे घोस दिसले. "आपल्या कुंपणापाशी जागा रिकामीच आहे," एवढंच बोलली. काय ते मी समजले.

हे रोवन. सफरचंदाच्या कुळातलं. इथे एडिनबर्गला जिकडेतिकडे दिसतं ते लाल फळांचं. माझं मूळचं काश्मीरकडचं, सॉर्बस काश्मिरियाना. नर्सरीत पाटीवर काश्मीर वाचलं आणि पुढचं काही न वाचता उचललं. मे महिन्यात फिकट गुलाबी फुलं, मग छोट्या गोट्यांसारखी पांढरी फळं. शेजारच्या आजींच्या लाल रोवनचा पक्षी बघता बघता फडशा पाडतात, माझ्याकडे तेव्हा ढुंकूनही बघत नाहीत. पानं झडली तरी उघड्या फांद्यांना फळं लोंबत असतात.

पहिल्याच उन्हाळ्यात मी ते जवळजवळ मारलं होतं. स्कॉटलंडात कसलं पाणी घालायचं! जूनमध्ये दोन आठवडे कोरडे गेले आणि पानांच्या कडा करपल्या. एडिनबर्गला वर्षाचा पाऊस साधारण 700 मिलिमीटर, म्हणजे इंदूरपेक्षा कमीच. फक्त तो बारा महिने झिमझिमतो. आजींनी कुंपणावरून दटावलं, तेव्हापासून आठवड्याला दोन बादल्या आणि बुंध्याभोवती पालापाचोळा. रोवन कधी तोडायचं नाही, चेटकीण घराकडे फिरकत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. दाराला लिंबू-मिरची बघत वाढलेली मी, लगेच पटलं.

आता आई म्हणते, बिया आण. परवान्याशिवाय बिया बॅगेत टाकून आणता येत नाहीत, ते सोडा. पण ओल्या वाळूत दोन-चार महिने थंडी खाल्ल्याशिवाय त्या उगवतही नाहीत. "फ्रिज आहे ना!" बरं, उगवलं. पुढे मे महिना, पारा 40 च्या वर, आणि आपली काळी माती: उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात नुसता चिखल. याला ओल हवी, पण मुळाशी पाणी तुंबलेलं चालत नाही.

सगळं ऐकून घेतलं तिने. काल फोनवर कळलं, माळ्याकडून खड्डा खणून घेतलाय. तोपर्यंत तिथे कढीपत्ता लावलाय म्हणे. तोपर्यंत!